चौतीस शून्यं

१

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास रुग्णालयाचा कागद आला. मुलगी, वय सात. पोटात कळा, उलट्या, एकदा झटका. रक्तात शिसं, डेसिलिटरला अडतीस मायक्रोग्रॅम. खाली डॉक्टरांनी पेनाने एक ओळ लिहिली होती: हिच्या घरी पिण्याचं पाणी कुठून येतं?

ते पाणी आमच्याकडून येत होतं.

शाळेमागे एक बोअरवेल आहे. तिच्या पलीकडच्या पडीक जागेत वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्या फोडल्या गेल्या आणि त्यांतलं शिसं जमिनीत उतरलं. आमच्या सरांनी काढलेला उपाय साधा होता. रसाच्या दुकानांमागे फेकलेल्या संत्र्याच्या साली आणायच्या, चिरायच्या, धुवायच्या, सोड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायच्या आणि पिंपात ठासून भरायच्या. पाणी सालींमधून झिरपतं, शिसं सालीच्या अंगाला चिकटून राहतं, खालच्या नळाला स्वच्छ पाणी येतं. शाळा आणि मागची गल्ली तेच पाणी पीत होती.

मी प्रकल्पात साहाय्यक. रसायनशास्त्राची पदवी, पहिली नोकरी, आठ महिने झालेले. साली चिरणं माझ्याकडे. दर मंगळवारी शाळेत जाऊन बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून, काठोकाठ भरून, चिठ्ठीवर तारीख घालून आणणं माझ्याकडे. वही लिहिणंही माझ्याकडे. मी आल्यापासून चौतीस मंगळवार झाले होते आणि वहीत चौतीस शून्यं होती. एकाखाली एक, सरळ रेषेत.

सरांनी कागद दोनदा वाचला, मग वही मागवली आणि पान पान उलटलं.

"म्हणजे पिंपातून येणारं पाणी स्वच्छ आहे," ते म्हणाले. "मग तिने पिंपातलं पाणी प्यायलेलंच नाही. शाळेच्या पंपवाल्याने बाजूचा नळ उघडलाय."

पिंपाला वळसा घालून जाणारी एक नळी आहे, धुण्याच्या वेळेपुरती. तिचा नळ उघडला की बोअरचं पाणी थेट टाकीत पडतं. सालींमधून टाकी भरायला पाच तास लागतात, त्या नळीने चाळीस मिनिटं.

"पण सर, मुलगी त्याचीच आहे," यंत्रवाला म्हणाला. पाण्यातले धातू मोजायचं मोठं यंत्र त्याच्या ताब्यात असतं. "स्वतःच्या पोरीला कोण पाजेल?"

"काय पाजतोय हे त्याला कुठे कळतंय? टाकी लवकर भरायची, घरी लवकर जायचं. सोमवारी पोलिसांत तक्रार देतोय मी. तोवर खालच्या नळाला कुलूप, आणि चावी त्याच्याकडून काढून घ्या."

मला चावी आणायला पाठवलं. पंपवाले काका रुग्णालयातून तासाभरासाठी घरी आले होते. त्यांनी चावी दिली.   परतताना मी पावलं मोजत होते. एक हजार एकशे बारा झाली.

२

शुक्रवारी पाणी मंडळाकडून चौकशीच्या बाई आल्या. साठीला टेकलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. सरांनी त्यांच्यासाठी खोली उघडून ठेवली होती, टेबलावर पाण्याचा पेला झाकून ठेवला होता. बाई खोलीत गेल्याच नाहीत. प्रयोगशाळेतल्या एका उंच स्टुलावर बसल्या.

"मला नोंदी घ्यायला कोणीतरी द्या," त्या म्हणाल्या. "ज्याचं अक्षर वाचता येतं असं कोणीतरी."

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईंची एक सवय मला पहिल्या दहा मिनिटांत कळली. माणूस सांगायला लागला की त्या हात वर करायच्या. "सांगू नका. करून दाखवा. नेहमी करता तसंच." सर प्रकल्पाचं महत्त्व सांगायला लागले तेव्हाही त्यांनी हात वर केला.

"साली कधी बदलता ते दाखवा."

सरांनी तक्ता काढला. दर सहा महिन्यांनी बदलायच्या, असं त्यात लिहिलं होतं.

"शेवटी कधी बदलल्या?"

"त्या तशा... अकरा महिन्यांपूर्वी. पण नळाला शून्य येत होतं, बाई. शून्य येत असताना चालू पिंप कशाला फोडायचं? उलट आम्ही म्हणत होतो की साल आमच्या अंदाजापेक्षा जास्त टिकतेय. पुढच्या महिन्यात मी परिषदेत हेच मांडणार होतो."

"हे 'जास्त टिकतंय' कधीपासून म्हणायला लागलात?"

"आठेक महिने झाले."

मी ते लिहून घेतलं. आठेक महिने. पेन नीट चालत नव्हतं म्हणून ते अक्षर दोनदा गिरवलं.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रवाला माझ्या शेजारी येऊन बसला. "तुझा अंगठा बघ की, पिवळाधमक. साली चिरता चिरता एक दिवस तूच संत्रं होणार. मग तुलाही पिंपात भरू."

मी अंगठा मुठीत लपवला. एरवी मी उलट काहीतरी सुनावलं असतं.

"ती पोर बरी होईल गं," तो म्हणाला.

"झटका पुन्हा आला नाही," मी म्हणाले. "सकाळी फोन केला होता."

संध्याकाळी घरी आई ताट वाढून समोर बसली. "त्यात तुझी काय चूक?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माझी नाहीच." आई म्हणाली, "मग जेव की." मी जेवले. काय जेवले ते मला आता सांगता येणार नाही, आणि मला साधारणपणे सगळं सांगता येतं.

३

शनिवारी सकाळी बाई आणि मी शाळेत गेलो. काकांना बोलावून घेतलं होतं. ते भिंतीला पाठ लावून उभे होते, हातात रुग्णालयाचा पास.

"बाजूचा नळ उघडून दाखवा," बाई म्हणाल्या.

काका पुढे झाले, चाक धरलं, जोर लावला. चाक हललं नाही. दोन्ही हात लावले. कपाळावरची शीर फुगली, पण चाक तसंच.

"बाई, हा गेल्या वर्षी रंग दिला तेव्हापासून कुणी फिरवलाच नाही. रंगाने जाम झालाय."

बाईंनी वाकून पाहिलं. चाक आणि नळी जिथे मिळतात तिथे हिरव्या रंगाचा अखंड थर होता. कुठे तडा नाही, कुठे खपली नाही. मी दर मंगळवारी त्याच्यापासून दोन हातांवर उभी असायचे.

"हे तुम्ही सरांना सांगितलंत?"

"विचारलं कुणी? आले ते निकाल घेऊनच आले." काकांचा आवाज वर गेला नाही. "बाई, मला नोकरीचं काही नाही. हात शाबूत आहेत, कुठेही राबेन. पण गल्लीतली माणसं तोंड फिरवतात. अजून नऊ पोरांचं रक्त तपासायला गेलंय. आणि घरात..." ते थांबले. "चिमणीची आई बोलत नाही माझ्याशी. गुरुवारपासून. तिला पण वाटतंय मीच नळ फिरवला, लवकर घरी यायला. आता लवकर घरी यायचो हे खरंच आहे. चिमणीला गणितं शिकवायला लागायची."

बाईंनी पिशवीतून बाटली काढली, खालच्या नळाचं कुलूप माझ्याकडून उघडवून घेतलं आणि बाटली भरली. वर ड्रॉपरने पारदर्शक थेंब टाकले, झाकण घट्ट केलं.

"काका, ही बघा. तुमच्यासमोर भरली. या पाण्यात शिसं निघालं तर ते सालींमधून आलंय, बाजूच्या नळामधून नाही."

"आणि नाही निघालं तर?"

"तर मला तुमच्याबद्दल पुन्हा विचार करावा लागेल."

काकांनी मान हलवली. त्यांना ते बरोबर वाटलं असावं.

४

यंत्राच्या खोलीत कायम गार असतं. यंत्रवाल्याने आधी शिशाचं मोजून बनवलेलं द्रावण लावलं, लिटरला पन्नास मायक्रोग्रॅमचं. यंत्राने एकोणपन्नास पूर्णांक सहा दाखवलं. मग बाईंची बाटली लावली.

चौऱ्याऐंशी.

दहाच्या वर पिऊ नये असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

"बाप रे," यंत्रवाला म्हणाला.

सर धावत आले. आकडा बघून खुर्चीत बसले, आणि बसल्या बसल्या पुन्हा उभे राहिले. "तरी वहीचं काय? परवाच्या मंगळवारी शून्य होतं! म्हणजे या चार दिवसांत कुणीतरी पिंपाशी खेळलंय. चावी काढून घ्यायच्या आधी. पुन्हा तोच माणूस येतो, बाई."

"चार दिवसांत पोरीच्या रक्तात अडतीस जमत नाही," बाई म्हणाल्या. "जुन्या बाटल्या ठेवल्यात?"

शेवटच्या बारा बाटल्या कपाटात होत्या, तारखेप्रमाणे, चिठ्ठ्या बाहेरच्या बाजूला. मीच लावलेल्या. यंत्रवाल्याने एकेक काढून वरचं नितळ पाणी नळीत घेतलं. शून्य. शून्य. तीन. शून्य. बाराव्या बाटलीपर्यंत असंच.

"घ्या," सर म्हणाले. "यंत्र खरं, बाटल्या खऱ्या. दोन्ही खरं असेल तर माणूसच खोटा."

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची घाई नको," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून रंग बदलणाऱ्या कागदाची छोटी डबी काढली, एक पट्टी फाडली आणि पहिल्या बाटलीत बुडवली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. पट्ट्या टेबलावर ओळीने ठेवल्या. बाराही हिरवट.

"लाल असायला हव्यात," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं.

"का?"

"धातूसाठी घेतलेल्या पाण्यात नायट्रिक आम्ल घालतात. नाहीतर शिसं पाण्यात राहत नाही, बाटलीच्या काचेला जाऊन चिकटतं. सालीला चिकटतं तसंच. आणि आमच्या पाण्यात सालीचा बारीक चुरा असतो, त्याला चिकटून तळाशी बसतं. मग वरचं पाणी मोजलं की..."

"की?"

"शून्य."

बाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. प्रत्येक बाटलीवर छापलेल्या चौकटीत खूण होती. आम्ल घातले: होय.

"ही खूण कुणाची?"

"मावशींची," यंत्रवाला म्हणाला. "बाटल्या धुणाऱ्या."

५

मावशींची खोली जिन्याखाली आहे. दोन मोऱ्या, एक लाकडी घोडी, तिच्यावर उलट्या टांगलेल्या बाटल्या. मावशी तिथे बावीस वर्षं आहेत. सर नवीन असताना त्यांना काचेची नळी कशी धरायची ते मावशींनीच शिकवलं होतं, आणि ही गोष्ट त्या आठवड्यातून एकदा तरी सांगतात.

"मला कसला प्रश्न विचारायला आलात?" त्या म्हणाल्या. "माझ्या बाटलीत माशी बसली तर मी माशीला पण धुते."

"आम्ल कधी घालता ते करून दाखवा, मावशी."

मावशींनी हातमोजे चढवले, धुतलेली बाटली घेतली, कपाटातून आम्लाची बाटली काढली, नळीने मोजून दोन मिलिलिटर तळाशी सोडलं, झाकण लावलं, चिठ्ठीवर खूण केली. सगळं दीड मिनिटात, एक थेंब न सांडता.

"रिकाम्या बाटलीत घालता? पाणी भरायच्या आधी?"

"मग? आधी बाटल्या पंपवाला भरायचा. त्याच्या हातात आम्ल द्यायचं म्हणजे पोराच्या हातात सुरी. या सरांच्या आधी मोठे सर होते, त्यांच्या वेळचा नियम आहे हा. मी इथूनच घालून देते, त्याने नुसतं नळाखाली धरायचं नि झाकण लावायचं. बाकी काही करायचं नाही, एवढं त्याला बजावून ठेवलंय."

बाईंनी आम्लाच्या खरेदीचे कागद मागितले. आठ महिन्यांत जेवढं आम्ल लागायला हवं तेवढंच कमी झालं होतं. मावशी खरं बोलत होत्या. दर आठवड्याला आम्ल बाटलीत गेलं होतं आणि दर आठवड्याला बाटलीतून नाहीसं झालं होतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," बाई म्हणाल्या. "आम्ल आपोआप उडून जात नाही. मावशींच्या खोलीपासून यंत्राच्या खोलीपर्यंत ही बाटली कुणाकुणाच्या हातांतून जाते?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, नुसतं पाहिलं, जसं कुणी बोलावलं की माणूस त्या दिशेला बघतो.

"एकाच," मी म्हणाले.

६

बाईंनी सगळ्यांना मोठ्या मोरीपाशी बोलावलं. सर, यंत्रवाला, मावशी. मावशींनी आत्ताच तयार केलेली बाटली बाईंनी माझ्या हातात दिली.

"शाळेतल्या नळाऐवजी हा नळ समज. दर मंगळवारी करतेस तसंच कर. विचार करू नकोस."

विचार करायचा प्रश्नच नव्हता. दात घासताना कोणी विचार करत नाही. मी झाकण काढलं. तळाशी थोडं पाणी होतं. मावशी बाटल्या नेहमी अशा ओल्याच देतात, पहिल्या महिन्यात मी त्यांना तसं म्हटलंही होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "त्या तशाच असतात, बाळ." मी तोंडावर अंगठा ठेवला, बाटली उलटी करून ते पाणी मोरीत झटकलं. नळाखाली बाटली धरली, थोडं पाणी घेतलं, खळबळलं, ओतलं. पुन्हा. पुन्हा. तीनदा. कॉलेजच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात आम्हाला शिकवलं होतं: ज्याचा नमुना घ्यायचा त्याच द्रवाने भांडं तीनदा खळबळा, म्हणजे आधीचं काही उरत नाही. त्या प्रात्यक्षिकात मला पैकीच्या पैकी गुण होते.

चौथ्यांदा मी बाटली काठोकाठ भरली आणि झाकण लावलं.

बाईंनी झाकण काढून पट्टी बुडवली. हिरवट.

"आधीचं काही उरलं नाही," त्या म्हणाल्या.

 नळ थेंब थेंब गळत होता, तो मावशींनी पुढे होऊन बंद केला.

बाईंनी माझा उजवा हात धरून उलटा केला. "हा डाग संत्र्याचा नाही. मी काल आल्या आल्या पाहिला. सालीचा डाग पाची बोटांना पडला असता. नायट्रिक आम्ल कातडीला लागलं की असा पिवळा डाग पडतो, आणि घासून जात नाही. पण तुझ्या कामांच्या यादीत आम्ल कुठेच नव्हतं. म्हणून मी विचार करत होते की हिच्या अंगठ्याला आम्ल कुठे भेटतं."

"चौकटीतली खूण मी पाहायचे, पण मला वाटायचं आम्ल बाटली परत आल्यावर घालतात. आधीच घालतात हे मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले. सबब म्हणून नाही. नोंद म्हणून.

"तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं गं," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, शिकलेली पोर आहे, तिला काय सांगायचं."

बाई वही घेऊन सरांकडे वळल्या. त्यांनी माझ्या शून्यांच्या आधीचं पान उघडलं, काका स्वतः बाटल्या भरायचे तेव्हाचं. चार, पाच, पाच, सात, नऊ. "हा चढता आकडा सांगत होता की साली भरत आल्यात. पुढच्याच मंगळवारी ही मुलगी आली आणि नऊचं शून्य झालं. तुम्ही काय केलंत?"

"मी..." सरांनी चष्मा काढला. "मी तिला शाबासकी दिली. नवीन हात आले, काम नीट व्हायला लागलं, म्हटलं. चांगली बातमी कोण तपासत बसतं, बाई?"

"मी बसते," बाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच पगार देतात मला."

एक गोष्ट सिद्ध व्हायची होती. यंत्रवाल्याने कपाटातली सगळ्यात जुनी बाटली घेतली, पाणी हलक्या हाताने काढून टाकलं, तळाचा चुरा तसाच ठेवला. मावशींनी त्यात आम्लमिश्रित पाणी घातलं. बाटली रात्रभर ठेवली. रविवारी सकाळी यंत्र चालू केलं. हिशेब करून आकडा आला एकाहत्तर. शिसं कुठेच गेलं नव्हतं. चिठ्ठीवर माझ्या सुवाच्य अक्षरात तारीख असलेल्या बाटलीच्या भिंतीवर आणि तळाशी ते सगळा वेळ बसून होतं.

सकाळी आकडा येईपर्यंत मी स्टुलावर बसून होते. यंत्रवाल्याने माझ्यासमोर चहा ठेवला, थोड्या वेळाने उचलून नेला.

७

रविवारी दुपारी सरांनी अहवालाचा मसुदा मला वाचायला दिला. पंपवाल्याविरुद्ध तक्रार देणार नाही. साली ताबडतोब बदलणार. कारण: नमुना घेण्याच्या पद्धतीतील त्रुटी.

"तुझं नाव कुठे घातलेलं नाही," ते म्हणाले. "गरज नाही. तुझं आख्खं करिअर पडलंय पुढे. आणि खरं म्हणशील तर चूक आपल्या सगळ्यांची आहे."

ते खरं होतं. मी वाक्य पुन्हा वाचलं. शाळेच्या फाटकावर हा कागद लागला तर गल्लीतली माणसं काय वाचतील याचा विचार केला. पूर्वी नमुने काका घ्यायचे हे गल्लीला माहीत होतं. आता कोण घेतं हे कुणी कधी विचारलं नव्हतं. 'नमुना घेण्यातील त्रुटी' म्हणजे पुन्हा काकाच.

"सर, हे वाचून लोक काकांनाच धरतील."

"तू फार विचार करतेस."

"नाही सर. मी आत्ता पहिल्यांदा करतेय."

मी 'त्रुटी' खोडून लिहिलं: आठ महिन्यांतील सर्व चौतीस नमुने मी घेतले. बाटलीत आधीपासून घातलेले आम्ल मी दर वेळी धुऊन टाकले. पंपचालकाचा यात काहीही दोष नाही, उलट त्याने घेतलेले सर्व नमुने अचूक होते. खाली नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी वाचलं, 'उलट' हा शब्द खोडला आणि कागद मला परत दिला.

"अहवालात उलटसुलट नको," त्या म्हणाल्या. "बाकी ठीक."

मी प्रत घेऊन रुग्णालयात गेले. मुलांच्या विभागात शेवटून दुसरी खाट. चिमणी झोपली होती, हाताला सलाईन. आई उशाशी स्टुलावर, काका पायथ्याशी जमिनीवर. दोघांच्या मध्ये खाटेची सगळी लांबी.

मी उभी राहून सांगितलं. साली, आम्ल, बाटली, तीनदा. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, पण माझ्या तोंडून ते अहवालासारखंच निघत होतं. मध्येच शेजारच्या खाटेवरची बाई ऐकायला वळली, तेव्हा मी आवाज थोडा वाढवला.

 काका म्हणाले, "म्हणजे मी भरायचो तेव्हा बरोबर यायचं?"

"हो काका. तुम्ही भरायचात तेव्हा बरोबर यायचं. शेवटी नऊ आलं होतं. तुम्हीच भरत राहिला असतात तर पुढच्या आठवड्यात दहा झाले असते आणि आम्ही साली बदलल्या असत्या."

ते ऐकून त्यांना काय वाटलं मला कळलं नाही. ते आपल्या तळव्यांकडे बघत होते.

चिमणीची आई माझ्याकडे बघत होती. "पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"कुठून?"

"यांनी नळ उघडला नाही, तिथून."

"काकांनी नळ उघडला नाही. तो उघडतच नाही. रंगाने जाम झालाय. चूक माझी होती."

"तुमची."

"माझी."

"हे उद्या गल्लीत येऊन सांगाल? माझ्या दारात उभं राहून, सगळ्यांच्या देखत?"

"सांगेन."

"कागद लावून नाही. तोंडाने."

"तोंडाने सांगेन."

तिने मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसती हलली, मला सांगता येणार नाही. ती मला काही बोलली नाही, आणि बोलावं असं मला वाटलंही नाही. मी कागद खाटेजवळच्या टेबलावर ठेवला. ती स्टुलावर तशीच वळली. गुरुवारपासून ज्या माणसाकडे तिने पाठ केली होती त्याच्याकडे तिचं तोंड झालं.

"जेवलात का?" तिने विचारलं.

काकांनी मान वर केली.

"नाही," ते म्हणाले. "तू?"